आधी कलम बघा: युरोपीय महासंघात कायदा नेमका कुठे ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपीय महासंघात थेट निवडून आलेली संसद आहे, पण तिला म्हणे कायदा मांडताच येत नाही. मग कायदा करतं कोण? आणि नाशिकच्या द्राक्षात फवारणीच्या कुठल्या औषधाचा किती अंश चालेल हे कोण ठरवतं? निर्यातदारांना पत्र लिहायचं तर ते कोणाला लिहायचं?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणाहून सुरू होतात. ब्रसेल्सहून निघालेला कुठलाही कायदा उघडा. शीर्षकाखालच्या पहिल्या काही ओळींत तो कराराच्या (महासंघ ज्यावर उभा आहे तो सदस्य देशांमधला करार) किंवा आधीच्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली केला आहे ते लिहिलेलं असतं. मसुदा कोणी मांडायचा, मंत्र्यांमध्ये किती मतं लागतील, संसदेला नकाराधिकार आहे की नुसता सल्ला द्यायचा, हे सगळं त्या ओळीवरून कळतं. ती ओळ न वाचता युरोपियन खासदारांना पत्रं पाठवणाऱ्यांचा बहुतेक टपालखर्च वाया जातो.

आधी पात्रं. युरोपीय आयोगात, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळात, दर देशाचा एक याप्रमाणे २७ आयुक्त असतात आणि त्यांच्या हाताखाली खातेनिहाय महासंचालनालयं. मसुदे इथे लिहिले जातात. संसदेत ७२० खासदार, दर पाच वर्षांनी थेट निवडणूक. जर्मनीचे ९६, तर माल्टा, लक्झेंबर्ग आणि सायप्रसचे प्रत्येकी ६. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात राहणारे गोवेकरही या निवडणुकीचे मतदार असतात. मंत्रिपरिषद म्हणजे सदस्य देशांचे मंत्री: विषय शेतीचा असेल तर कृषिमंत्री, पर्यावरणाचा असेल तर पर्यावरणमंत्री. बहुतेक बैठकांचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी पुढच्या देशाकडे जातं.

याहून वेगळी ती युरोपियन कौन्सिल, म्हणजे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांची शिखर बैठक. १ डिसेंबर २०२४ पासून तिचे अध्यक्ष अंतोनियो कोस्टा आहेत, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. ही बैठक दिशा ठरवते, पण तिने कायदे करायचे नाहीत असं करारातच लिहिलं आहे, आणि अध्यक्षांना तिथे मत नसतं. कौन्सिल ऑफ युरोप ही तर ४६ देशांची निराळीच संघटना; स्ट्रासबुर्गचं मानवी हक्क न्यायालय तिचं. बातमीत नुसतं 'युरोपीय परिषद' दिसलं की बैठकीला कोण बसलं आहे ते बघावं आणि मग पुढे वाचावं.

भारतीय वाचकाला अधिकारवाटप समजायला अवघड नाही, फक्त एक गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची आणि उरलेलं सगळं केंद्राचं. तिथे उरलेलं सगळं सदस्य देशांचं. करारांनी जे दिलं तेवढंच महासंघाचं. सीमाशुल्क, परकीय व्यापार, युरो वापरणाऱ्या देशांचं चलनधोरण आणि समुद्रातल्या मासळीचं संवर्धन हे पूर्णपणे महासंघाकडे. शेती, पर्यावरण, अंतर्गत बाजारपेठ सामायिक. शिक्षण, संस्कृती आणि बहुतांश आरोग्य यांत महासंघाने फक्त साहाय्य करायचं, देशांचे कायदे एकसारखे करायचे नाहीत.

ही कुंपणं कागदी नाहीत. तंबाखूच्या जाहिरातींवर जवळपास सरसकट बंदी घालणारा कायदा महासंघाने 'अंतर्गत बाजारपेठे'च्या कलमाखाली केला होता, कारण आरोग्याच्या कलमाखाली तो करताच आला नसता. जर्मनी लक्झेंबर्गमधल्या महासंघाच्या न्यायालयात गेली आणि २००० साली न्यायालयाने कायदा रद्द केला: भिंतीवरच्या फलकांवर बंदी घातल्याने मालाची ये-जा सुकर कशी होते, याचं पटेल असं उत्तर मिळालं नाही. आयोगाचे वकील मसुद्याच्या आशयाइतकाच वेळ कलम निवडण्यात घालवतात तो म्हणूनच.

आता नेहमीची वाट. करारात तिचं नाव 'सामान्य विधिप्रक्रिया', कलम २९४. मसुदा मांडायचा अधिकार मोजके अपवाद सोडले तर फक्त आयोगाचा. संसद 'असा कायदा आणा' अशी विनंती करू शकते. किमान सात देशांतल्या मिळून दहा लाख नागरिकांच्या सह्या जमल्या तर तेही मागणी करू शकतात. आयोगाने नाही म्हटलं तर कारण द्यायचं, एवढंच बंधन. म्हणजे तुम्ही ऐकलं ते खरं आहे, पण त्याने संसद दुबळी ठरत नाही. आयोगाची खरी ताकद वेगळ्या दोन तरतुदींत आहे. एक, आयोगाला न पटणारा बदल मंत्रिपरिषदेला मसुद्यात करायचा असेल तर तिला एकमत लागतं. पटणारा असेल तर बहुमत पुरतं. दोन, आयोग आपला मसुदा मागे घेऊ शकतो. त्यामुळे मसुदा मांडून झाल्यावरही आयोग शेवटपर्यंत टेबलावर राहतो.

मसुदा निघाला की तो सदस्य देशांच्या संसदांकडे जातो. त्यांना आठ आठवडे मिळतात. प्रत्येक देशाची दोन मतं, एकूण ५४. त्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे १८ मतं 'हे काम महासंघाचं नाही, आमचं आहे' अशी पडली की आयोगाला फेरविचार करावा लागतो. याला पिवळं कार्ड म्हणतात. ते आजवर फार कमी वेळा निघालंय. २०१२ साली संपाच्या हक्काबाबतचा मसुदा आयोगाने मागे घेतला. २०१३ साली युरोपीय सरकारी वकिलाच्या कार्यालयाचा आणि २०१६ साली परदेशी कामावर धाडलेल्या कामगारांचा मसुदा मात्र पुढे रेटला. शस्त्र बोथटच म्हणायचं.

संसदेत मसुदा विषयसमितीकडे जातो. समिती एक रॅपोर्टर नेमते, म्हणजे अहवाल लिहून तडजोडी जुळवणारा खासदार. बाकीचे राजकीय गट आपापला 'छाया रॅपोर्टर' देतात. कोणाला गाठायचं तर या पाच-सात जणांना, कारण मोठ्या मसुद्यावर दुरुस्त्यांचा ढीग पडतो आणि त्यातलं काय टिकायचं हे याच मंडळींच्या बैठकीत ठरतं. पहिल्या वाचनात पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं. दुसऱ्या वाचनात मंत्रिपरिषदेची भूमिका बदलायची किंवा फेटाळायची तर ७२० पैकी ३६१ मतं लागतात. तिथे गैरहजर राहणाराही विरोधातच मोजला जातो.

मंत्रिपरिषदेत तर मंत्री शेवटी येतात. आधी दीडशेहून अधिक कार्यगट, त्यांत देशोदेशीचे अधिकारी मसुदा ओळीओळीने वाचतात. त्यावर कोरेपर, म्हणजे ब्रसेल्समधल्या राजदूतांची समिती, दोन भागांत. उपराजदूतांच्या भागाकडे बाजारपेठ, पर्यावरण, वाहतूक असे विषय. राजदूतांच्या भागाकडे परराष्ट्र, अर्थ, गृह. शेतीचे बरेच विषय वेगळ्या विशेष समितीकडे. राजदूतांचं जमलं की विषय 'अ' यादीत जातो आणि मंत्री चर्चेविना संमत करतात. गंमत म्हणजे 'अ' यादी कुठल्याही खात्याचे मंत्री संमत करू शकतात. त्यामुळे पर्यावरणाच्या कायद्यावर मत्स्यमंत्र्यांच्या बैठकीत शिक्कामोर्तब झाल्याचं दिसलं तर दचकू नये.

मतांचं गणित नीट समजून घ्या, कारण इथेच घोडं अडतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून विशेष बहुमताच्या दोन अटी आहेत: ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्या देशांत मिळून महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. अडवायचं तर ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या, पण देश किमान चार हवेत. जर्मनी, फ्रान्स आणि इटली मिळून जवळपास ४७ टक्के होतात, तरी तिघांनी एखादा मसुदा अडत नाही. चौथा शोधावा लागतो. तटस्थ राहणं म्हणजे प्रत्यक्षात विरोध, कारण मोजतात फक्त होकार. एकमताच्या विषयांत मात्र नेमकं उलटं: तटस्थ राहिल्याने एकमत मोडत नाही. नवखे लोक इथे हमखास चुकतात.

निसर्ग पुनर्स्थापना कायद्याचा प्रवास पाहिला तर हे सगळं एकत्र दिसतं. आयोगाने मसुदा २२ जून २०२२ रोजी मांडला. संसदेच्या पर्यावरण समितीत जून २०२३ मध्ये अंतिम मतदान ४४ विरुद्ध ४४ असं अडकलं, आणि समितीने मसुदा फेटाळण्याची शिफारस केली. १२ जुलैला सभागृहात फेटाळण्याचा ठराव ३१२ विरुद्ध ३२४ असा पडला; दुरुस्त भूमिका ३३६ विरुद्ध ३०० मतांनी मंजूर झाली. नोव्हेंबरात तडजोड झाली आणि २७ फेब्रुवारी २०२४ रोजी संसदेने ती ३२९ विरुद्ध २७५ मतांनी स्वीकारली. आता मंत्रिपरिषदेचा शिक्का हा उपचार उरला असं वाटलं होतं. मार्चमध्ये हंगेरीने भूमिका बदलली, बहुमत हातातून गेलं आणि विषय पत्रिकेवरून काढावा लागला. १७ जूनला तो परत आला. ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी आपल्याच चॅन्सेलरच्या इच्छेविरुद्ध होकार दिला. बाजूने २० देश आणि ६६.०७ टक्के लोकसंख्या. ऑस्ट्रियाचा वाटा साधारण दोन टक्के. तो वजा करा, कायदा पडतो. देशांच्या संख्येत पाचची चैन होती, लोकसंख्येत मात्र काठावर. देश मोजून निर्धास्त झालेल्यांचा अंदाज असाच फसतो.

वर 'तडजोड झाली' म्हटलं ती कुठे झाली? त्रिपक्षीय बैठकीत, म्हणजे ट्रायलॉगमध्ये. कराराच्या विधिप्रक्रियेत हिचा पत्ता नाही, आणि आज बहुतेक कायदे इथेच ठरतात. संसदेतर्फे रॅपोर्टर आणि मंडळी, मंत्रिपरिषदेतर्फे अध्यक्षपदावरचा देश, आणि आयोग. समोर चार रकान्यांचा तक्ता: आयोगाचा मूळ मसुदा, संसदेची भूमिका, मंत्रिपरिषदेची भूमिका, आणि चौथा रकाना कोरा. बैठकागणिक तो भरत जातो. बंद दारामागे चालणारं हे गुऱ्हाळ लोकशाहीला शोभतं का, यावर वाद आहे, आणि तक्रारीत तथ्यही आहे: चौथा रकाना जनतेला दिसतो तोवर बोलणी आटोपलेली असतात. पण दुसरं वाचन, मग २७ अधिक २७ जणांची समेट समिती, तिला सहा आठवडे आणि फसली तर कायदाच मेला, ही अधिकृत वाट कोणालाच नको असते. पहिल्या वाचनाला मुदत नाही. घासाघीस करायला तीच जागा सोयीची.

मुदत नसण्याची दुसरी बाजूही आहे. कंपन्यांच्या संचालक मंडळांतल्या महिलांच्या प्रमाणाबद्दलचा मसुदा नोव्हेंबर २०१२ मध्ये आला आणि मंत्र्यांकडे भिजत घोंगडं होऊन पडला. कायदा झाला नोव्हेंबर २०२२ मध्ये.

नेहमीच्या वाटेबाहेरचे दोन प्रकार माहीत असावेत. करांसारख्या विषयांत मंत्र्यांचं एकमत लागतं आणि संसद फक्त मत देते. पण ते मत मागून थांबावं लागतं: १९७९ साली मंत्रिपरिषदेने आयसोग्लुकोजच्या (पिष्टापासून केलेला गोड पाक) कोट्याचा नियम संसदेच्या मताची वाट न बघता केला, तो १९८० साली न्यायालयाने रद्द केला. व्यापार करारांना संसदेची संमती लागते, दुरुस्ती करता येत नाही; हो किंवा नाही. २०१२ साली बनावट मालविरोधी 'आक्टा' करार संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला आणि तो तिथेच संपला. करारात सदस्य देशांच्या अखत्यारीतले विषय मिसळले असतील तर प्रत्येक देशाची मंजुरीही लागते. कॅनडाचा करार २०१६ साली बेल्जियममधल्या वालोनिया या एका प्रांताच्या विधिमंडळाने काही दिवस रोखून धरला होता.

आता द्राक्षं. औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा, म्हणजे एमआरएल, ही संसदेत ठरत नाही. संसद आणि मंत्रिपरिषदेने मिळून केला तो मूळ कायदा, ३९६/२००५. त्याने चौकट घातली: परिशिष्टात आकडा दिलेला नसेल आणि औषध सूट दिलेल्यांपैकी नसेल तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. परिशिष्टातले आकडे बदलायचं काम त्याने आयोगावर सोपवलं. आयोग इटलीतल्या पार्मा इथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं मत घेतो, मसुदा करतो आणि सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतो. समितीचं अध्यक्षपद आयोगाकडे, मतं देशांची, गणित तेच १५ देश आणि ६५ टक्के. मग ठरलेल्या मुदतीत संसद ३६१ मतांनी मसुदा अडवू शकते, पण स्वतः आकडा बदलू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये थायाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या बाबतीत तिने हा अधिकार वापरला. काही आयात मालासाठी मर्यादा वर ठेवायला तिचा विरोध होता.

हापूसची गोष्टही अशाच समितीतली. फळमाशी सापडत राहिली म्हणून १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू यांच्या आयातीवर बंदी आली, ती आयोगाच्या अंमलबजावणी निर्णयाने, वनस्पती आरोग्याच्या स्थायी समितीतून. संसदेत मतदान झालंच नव्हतं. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली तीही त्याच दाराने: उष्ण बाष्प किंवा उष्णजल प्रक्रिया, प्रमाणित पॅकहाऊस आणि तपासणी यांची हमी मिळाल्यावर.

अशा समित्यांत बहुमत कुठल्याच बाजूला झालं नाही तर काय? ग्लायफोसेट या तणनाशकाचं उदाहरण घ्या. त्याचा परवाना अंमलबजावणी अधिकाराच्या, म्हणजे मूळ कायदा राबवायला आयोगाला दिलेल्या अधिकाराच्या, प्रक्रियेने जातो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दोनदा मतदान झालं. बाजूनेही विशेष बहुमत नाही, विरोधातही नाही. मोठे देश तटस्थ राहिले की हेच होतं. मग निर्णय आयोगाच्या अंगावर येतो, आणि त्याने दहा वर्षांची मुदतवाढ दिली, १५ डिसेंबर २०३३ पर्यंत. मायदेशी शेतकरी नको दुखवायला आणि पर्यावरणवादीही नकोत, म्हणून देश तटस्थ राहतात आणि नंतर खापर ब्रसेल्सवर फोडतात.

निर्यातदारांनी करायचं ते असं. मर्यादा खाली येणार याचा पहिला कागद अंतिम अधिसूचना नसते. त्याआधी मसुदा जागतिक व्यापार संघटनेकडे कळवला जातो आणि अभिप्रायाला साधारण ६० दिवस मिळतात. हा अभिप्राय भारताच्या अधिकृत चौकशी केंद्रामार्फत जातो, म्हणून अपेडाकडे, म्हणजे भारताच्या कृषी निर्यात प्राधिकरणाकडे, आकडेवारी वेळेत पोचली पाहिजे. आयोगाच्या संकेतस्थळावर बऱ्याच दुय्यम नियमांचे मसुदे चार आठवडे अभिप्रायासाठी खुले असतात; तिथे कोणीही लिहू शकतं. 'आमच्या शेतकऱ्यांचं नुकसान होईल' एवढंच लिहिलेल्या पत्राचा उपयोग नाही. समितीपुढे चालतात ते शेतावरच्या अंशचाचण्यांचे आकडे.

एखाद्या औषधाची मर्यादा वाढवूनच हवी असेल तर 'आयात सहिष्णुते'चा अर्ज असतो. तो आयोगाकडे थेट करायचा नाही, एका सदस्य देशाच्या प्राधिकरणाकडे करायचा. अंशचाचण्या, विषशास्त्रीय माहिती आणि आपल्या देशात त्या पिकावर औषधाला मान्यता असल्याचा पुरावा जोडायचा. तो देश मूल्यांकन अहवाल लिहितो, मग पार्माचं प्राधिकरण तीन महिन्यांत, गुंतागुंत असेल तर सहा महिन्यांत मत देतं, मग आयोग आणि समिती. विषशास्त्रीय माहिती सहसा औषध कंपनीच्या ताब्यात असते. कंपनीला रस नसेल तर अर्ज उभाच राहत नाही. कंपनीशी बोलणी आधी, अर्ज नंतर.

आणि तारखा बघा. नियम राजपत्रात छापल्यावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर विसाव्या दिवशी अमलात येतो, पण प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख शेवटच्या कलमात निराळी असू शकते. क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम या कीटकनाशकांच्या मर्यादा तपासणीत सापडेल त्या किमान पातळीवर आणणारा नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाला, लागू होण्याची तारीख ७ मार्च २०२६. कारण होतं मधमाश्यांचं, खाणाऱ्याच्या तब्येतीचं नव्हे. त्यामुळे 'आमच्या द्राक्षाने कोणाला अपाय होत नाही' हा युक्तिवाद तिथे गैरलागू ठरतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांचं वाढ रोखणारं लिहोसिन, याच्या अंशामुळे द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले. ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडाच्या निर्यात द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीत, नोंदलेल्या बागेची फवारणी नोंदवही त्या हंगामाच्या मर्यादांशी ताडायची, गेल्या वर्षीच्या छापील यादीशी नव्हे.

कायदा झाल्यावर तो 'रेग्युलेशन' असेल तर सगळ्या देशांत जसाच्या तसा लागू. 'डायरेक्टिव्ह' असेल तर उद्दिष्ट सामायिक आणि प्रत्येक देश ठरलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांत, आपला कायदा करतो. त्यामुळे एकाच विषयावर जर्मनीत आणि स्पेनमध्ये तपशील वेगळे सापडतात. देशाने टाळाटाळ केली तर आयोग आधी नोटीस देतो, मग सकारण मत, मग लक्झेंबर्गचं न्यायालय. दंड खरोखर बसतो: आश्रय मागणाऱ्यांबाबतचा निकाल न पाळल्याबद्दल जून २०२४ मध्ये हंगेरीला २० कोटी युरो आणि वर दिवसाला १० लाख युरो.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट, कारण आपली बरीच द्राक्षं इंग्लंडला जातात. ब्रिटन २०२१ पासून या यंत्रणेबाहेर आहे आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्ससाठी औषधांच्या अंशांची यादी तिथलं आरोग्य व सुरक्षा कार्यालय स्वतंत्रपणे ठेवतं. सुरुवातीला ती महासंघाच्या यादीचीच नक्कल होती, आता दोन्ही वेगळ्या वाटेने चालल्या आहेत. रॉटरडॅमला उतरून पुढे ट्रकने इंग्लंडला जाणारा माल दोन्ही याद्यांतल्या कडक आकड्यावर तपासून पाठवावा.